बाबांच्या गोळीची वेळ

ती. बाबा आणि ती. आई यांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला घेतलं की बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आईचं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असतं. म्हणून सरळ लिहूनच पाठवते आहे.

आई, तू विचारलंस, बाबांची पार्किन्सनची गोळी पूर्वीसारखी लागू पडत नाही, तर डोस वाढवून घ्यायचा का? ते डॉक्टर ठरवतील. पण त्याआधी गोळी कशाबरोबर घेतली जाते ते बघू. तू ती नाश्त्याच्या बशीत ठेवतेस, दूध आणि उकडलेल्या अंड्याशेजारी. घोळ तिथेच असावा असा माझा दाट संशय आहे.

मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना टेकलेल्या नसतात. मध्ये मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. निरोप पोचवायचा तर एक पेशी त्या फटीत रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्यासाठी ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतं आणि काम झालं की बहुतेक पुन्हा आत ओढलं जातं. हालचालींसाठी लागणारं असं एक रसायन म्हणजे डोपामीन. मेंदूच्या देठात काळसर रंगाचा एक छोटा पट्टा आहे, तिथल्या पेशी ते बनवतात. पार्किन्सनमध्ये त्याच पेशी मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात.

मग थेट डोपामीनच का देत नाहीत? कारण रक्तातलं डोपामीन मेंदूत शिरू शकत नाही. बाबांच्या गोळीतलं लेव्होडोपा मात्र शिरतं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामीन होतं. बाबांच्या पाकिटावर ११० लिहिलंय ना, त्यात १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० मिलिग्रॅम कार्बिडोपा आहे. कार्बिडोपा स्वतः मेंदूत जात नाही. लेव्होडोपाचं बाहेरच, रक्तात आणि आतड्यात, डोपामीन होऊन वाया जाऊ नये आणि मळमळ कमी व्हावी, एवढंच त्याचं काम.

आता अंड्याचं. दूध, अंडी, डाळ, पनीर यांतली प्रथिनं पचली की त्यांची अमिनो आम्लं होतात, आणि लेव्होडोपा हेही एक अमिनो आम्लच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला या सगळ्यांना दार एकच. गणपतीत आपल्या स्टँडवर एसटीच्या दाराशी जे होतं तेच होतं, आणि बाबांची गोळी खाली राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी मळमळलं तर एखादं साधं बिस्किट चालेल. बाबांचं अंडं बंद करू नकोस, फक्त गोळीपासून लांब ठेव. त्यांच्या लोहाच्या गोळीचंही तेच, दोन तासांचं अंतर हवं.

बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. आजोबा रक्तदाबासाठी सर्पगंधा घ्यायचे ते आठवतं? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेवरचा आपला अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं तिकडे लक्ष गेलं. तिच्यातलं रेसर्पीन पेशींमधला डोपामीनचा साठा रिकामा करतं. स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास सशांना रेसर्पीन दिलं, तर ससे कान पाडून दगडासारखे बसून राहिले. लेव्होडोपा टोचल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडू लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. माझ्या वर्गातली फार्मसीची पोरं एरवी पेंगत असतात, पण सशांपाशी जागी होतात.

काकांनी पाठवलेलं खाजकुइलीचं चूर्ण मात्र सध्या डब्यातच राहू दे. ते थोतांड नाही, उलट त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. अडचण तीच. चमच्याला किती मिलिग्रॅम ते कुणी सांगू शकत नाही, आणि वरून गोळी चालूच आहे. द्यायचंच असेल तर न्यूरॉलॉजिस्टना विचारून.

आई, चक्कर किंवा उलटी झाली म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलात तर पार्किन्सनचं आधी सांगायचं. मेटोक्लोप्रामाइड, प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन ही नावं चिठ्ठीवर दिसली तर घेऊ नका, मला फोन करा. ही औषधं डोपामीनच्या रिसेप्टरवर ठाण मांडून बसतात, मग गोळीने बनलेल्या डोपामीनला बसायला जागाच उरत नाही. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी एकदम बंद करणं तर मुळीच नाही. ते जिवावर बेतू शकतं.

अजून एक, हे फक्त आईसाठी. बाबा हसत नाहीत, विचारलेलं तोडून टाकतात, म्हणून तू मनाला लावून घेतेस. चेहऱ्याचे स्नायूही त्याच डोपामीनवर चालतात गं. आतून हसू आलं तरी चेहऱ्यावर उमटायला वेळ लागतो, आवाजही बारीक होतो. बाबा रुसलेत असं ठरवण्याआधी त्यांना थोडा वेळ दे. तरीही ते गप्पगप्पच वाटले, जेवणावरची वासना उडाली, तर डॉक्टरांना सांग. या आजारात डिप्रेशनही येतं आणि त्यावर औषध आहे.

डॉक्टरांच्या तारखेला जाण्याआधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा: गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळं झालं, पुन्हा कधी आखडलं, जेवण कधी झालं. डोस वाढवायचा की वेळा बदलायच्या, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील. पानांचे फोटो मलाही पाठव आई, आणि या वेळी बोट मध्ये येऊ देऊ नकोस.

तुमची,
मनू