काळ्या विवराची ऊब

पुणे, रविवार

प्रिय विन्या,

उत्तराला महिना लागला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. पण कारण ऐक. आमची भाची सई, नववीतली. आयुका या इथल्या खगोलशास्त्र संस्थेतल्या शाळकरी मुलांच्या शनिवारच्या व्याख्यानाला जाऊन आली आणि दारातच चपला काढता काढता म्हणाली, "मामा, कृष्णविवरातून काही सुटत नाही ना? मग हॉकिंग या शास्त्रज्ञाने सांगितलेलं प्रारण, म्हणजे बाहेर पडणारी ऊर्जा, कुठून येतं?"

मी ऐटीत आपली कॉलेजातली गोष्ट काढली. निर्वातात कण आणि प्रतिकण जोडीने उपटतात, घटना क्षितिजाच्या, म्हणजे जिथून परत फिरता येत नाही त्या सीमेच्या, काठावर एक आत पडतो, दुसरा निसटतो, आणि विवराचं वजन घटत जातं. कार्टी म्हणते, "आत काही पडलं तर वजन वाढायला हवं. कमी कसं होतं?"

बोलती बंद!

रात्री वाचत बसलो. ही जोडीची गोष्ट समजुतीपुरती आहे, शब्दशः घेऊ नका, असं खुद्द हॉकिंगने 1975 च्या लेखात बजावलंय, आणि आपण इतकी वर्षं तीच मिरवतोय. खरी गंमत 'रिकामं' या शब्दात आहे. तारा कोसळून विवर होण्याआधी जे निर्वात, ते कोसळल्यावर लांब उभ्या असलेल्याला रिकामं दिसत नाही, मंद तापलेलं दिसतं. क्षितिजातून सरळ आत पडणाऱ्याला मात्र धग अशी जाणवतच नाही. लहरींची लांबी विवराएवढीच, त्यामुळे प्रारण नेमकं कुठल्या ठिकाणाहून निघालं हे बोट ठेवून सांगता येत नाही. या प्रारणाची ऊर्जा विवराच्या वस्तुमानातून वजा होते. क्षितिजातून आत जातो तो ऋण ऊर्जेचा ओघ. आत उणं पडतं म्हणून वजन घटतं, सईचं उत्तर हे.

दुसऱ्या दिवशी तिला अमृततुल्यात नेलं. चहा बशीत ओतला, फुंकर घातली, निवला. म्हटलं, विवराचं उलटं: जितकं आटतं, तितकं तापतं. सूर्याच्या वजनाचं विवर घेतलं तर तापमान एका केल्विनच्या 10 कोटी भागांतले जेमतेम 6. भोवतालचं विश्व 2.7 केल्विनवर आहे, म्हणजे आज विवर देण्यापेक्षा घेतंच जास्त. पुढे विश्व पुरेसं थंडावलं तरी आटायला 1 वर 67 शून्यं इतकी वर्षं. मोजणार कोण? अजून कुणी मोजलेलंही नाही.

क्रीमरोल बुडवत तिने विचारलं, "सगळं आटल्यावर काय उरतं?" जाणते अजून त्यावर भांडतायत, एवढंच बोललो. गणपतीत येशील तेव्हा तूच सांग तिला.

तुझा,
शिऱ्या