वायरमन दादा, त्या पेन्सिलच्या खुणांबद्दल

दादा,

काम संपून तीन महिने झाले. त्या दिवशी फोनवर घसा दाटून आला, नीट बोलताच आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

२२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा आमच्या माजघरात ते छातीपर्यंत चढलं होतं. बोर्ड, वायरिंग, सगळं गेलं. त्यानंतर ज्याने काम केलं, त्याने वायरी नुसत्या खिळ्यांना अडकवल्या आणि "पट्टी मागाहून मारतो" म्हणत पूर्ण पैसे घेऊन गेला. पुरात सगळेच अडलेले, त्याच्या हातात दहा घरं असतील, असं म्हणून आम्ही थांबलो. वर्ष गेलं, दुसरं गेलं. फोन केला की "उद्या". चिऱ्याच्या भिंतीत, ओल धरलेल्या गिलाव्यात, नुसता खिळा किती दिवस धरणार? वायर लोंबायची, आई ती सुतळीने बांधायची.

बाबांना काचबिंदूने दिसत नाही. भिंतीला हात लावून ते घरभर फिरायचे. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघराकडे जाताना त्यांची बोटं त्या लोंबत्या वायरीत अडकली, जोडावरची टेप सुटली आणि शॉक बसून ते पडले. थोडक्यात वाचले. पण त्यानंतर एकटे उठेनात. बारा पावलांवरच्या न्हाणीघरासाठी माझा बाप आईला हाक मारून वाट बघत बसायचा. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही आलात, बोर्ड उघडलात. अर्थिंगची हिरवी वायर कापून आत खुपसलेली होती. ती मला दाखवलीत, पण आधीच्याबद्दल वाईट शब्द काढला नाहीत. सामान किती लागेल ते सांगितलंत. मग बाबांच्या खुर्चीसमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "बाबा, न्हाणीघरापर्यंत रोज जायचात तसं एकदा चालून दाखवाल? लाईन मेन पासून बंद केली आहे. मी मागेच आहे."

बाबा उठले. किती महिन्यांनी त्यांनी भिंतीला हात लावला! तुम्ही कानावरची पेन्सिल काढून मागोमाग निघालात आणि त्यांची बोटं टेकतील तिथे बारीक खूण करत गेलात. माजघराच्या चौकटीपाशी त्यांचा हात जरा खाली येतो. चाळीस वर्षांत हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही तिथे थांबून दोन खुणा केल्यात. मग वायरींचा सगळा पाईप त्या खुणांच्या वीतभर वरून नेलात. भिंतीत गिट्ट्या ठोकून दोन-दोन फुटांवर पाईप धरणारं सॅडल, वळणाच्या दोन्ही अंगांना एकेक. बोर्ड मात्र त्यांचा तळवा जिथे आपसूक पडतो तिथेच ठेवलात आणि पंख्याचं बटण कुठलं हे त्यांचं बोट धरून दाखवलंत.

दादा, दिसेनासं झालं की लोक त्या माणसाशी बोलणंच सोडतात. दवाखान्यात, कचेरीत बाबा समोर बसलेले असताना "यांना जेवण जातं का?" असं मला विचारतात. चांगली शिकलेली माणसं. तुम्ही पहिला प्रश्न त्यांना विचारलात. ही माणुसकी कुठल्या बिलात लिहायची असते? मी शिक्षिका आहे, मुलांना सौजन्याचे धडे देते, पण ते असं हाताने करून दाखवलेलं मी क्वचित पाहिलं.

माळ्यावर उंदीर वायरी कुरतडतात म्हणून तिथेही पाईप घातलात. मेनपाशी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारं स्विच, बसवलंत. गेलेला करंट तेवढाच परत आला नाही तर ते क्षणात लाईन तोडतं, हे आईला कळेपर्यंत समजावलंत. आता ती दर महिन्याला त्याचं टेस्टचं बटण दाबते आणि "पडलं गं!" असं मला फोनवर सांगते.

परवा रात्री बाबा एकटे उठून न्हाणीघरात जाऊन आले. आईला सकाळी कळलं.

गणपतीत ओटीवर दिव्यांची माळ लावायची आहे. भाऊ म्हणाला, चौकटीवरून वायर घेतो. बाबांनी थांबवलं. "त्याला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावू नका," म्हणाले. तेव्हा दादा, चतुर्थीच्या आधी एखाद्या संध्याकाळी या. जेवूनच जा.

तुमची,
माजघरवाल्या बाबांची मुलगी