चरकाची भट्टी घ्या, खिडक्याही घ्या

महोदय,

जगभरच्या घामस्नानांवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने वर्णिलेले शक लोक बुरणुसाच्या तंबूत तापल्या दगडांवर भांगेचे बी टाकून आनंदाने आरडतात, फिनलंडच्या लोकमहाकाव्यातला म्हातारा वैनामोइनेन वाफेच्या खोलीत रोगराई पळवतो, हे सगळे वाचायला झकास. पण भारत मुळात उष्ण, म्हणून इथे हा प्रकार रुजला नाही, असे म्हणून लेखकाने आपल्याला एका ओळीत निकालात काढले. ते पटले नाही.

चरकसंहितेत सूत्रस्थानातला 14वा अध्याय अख्खा घाम काढण्यावर आहे. अग्नीच्या मदतीने 13 प्रकार, अग्नीवाचून 10. या दहांत ऊन, भूक, भीती आणि रागही धरलेत. म्हणजे मे महिन्यात पीककर्जासाठी बँकेपुढे उभा असलेला आमचा शेतकरी चार प्रकार फुकटात घेतो.

तेरांपैकी 'जेंताक' म्हणजे खास बांधलेले घर. पाण्याच्या काठी, गोल, मातीने लिंपलेले, 16 अरत्नी (अरत्नी म्हणजे साधारण हातभर) उंच-रुंद. मधोमध माणसाएवढी मातीची भट्टी, तिला बारीक भोके, आत खैराची लाकडे. भिंतीलगत ओटा. अंगाला तेल लावून त्यावर निजायचे, आणि घेरी आली तरी ओटा सोडायचा नाही, अशी तंबी. बुद्धांनीही जीवक वैद्याच्या विनंतीवरून भिक्खूंना जंताघराची, म्हणजे अशाच गरम खोलीची, मुभा दिल्याचे विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, आहे.

आमच्या यवतमाळकडे मात्र दुसराच प्रकार घरोघर दिसतो. चरकाच्या तेरांतल्याच 'होलाक' स्वेदात (स्वेद म्हणजे घाम काढणे) वाळल्या शेणाचा ढीग पेटवून त्यावर बिछाना मांडायचा, तेल चोळून, पांघरूण घेऊन झोपायचे. आता माहेरी आलेली बाळंतीण आठवा. बाज, बाजेखाली घमेल्यात गवऱ्यांचा विस्तव, वर ओवा-शेपांची चिमूट, अंगावर गोधडी. फरक कितीसा?

फरक आहे, आणि तो जीवघेणा आहे. चरक बिछाना मांडायला सांगतो तो शेण पुरते जळून धूर थांबल्यावर. जेंताकातही धूर गेल्यावरच आत जायचे, आणि त्या घराला 'अनेक वातायने', म्हणजे भरपूर खिडक्या. आम्ही काय करतो? बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून टिनाच्या खोलीचे दार लावतो, फटीत चिंध्या कोंबतो आणि आतच गवऱ्या पेटवतो. माय खोकते, बाळाचे डोळे लाल होतात, आणि म्हाताऱ्या म्हणतात, धुरी चांगली बसली! धूर दिसेनासा झाला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला ना वास ना रंग. बंद खोलीत तो झोपेतच माणूस नेतो.

प्राचीन ज्ञानाचा अभिमान सांगणाऱ्यांना भट्टी आठवते, खिडक्या आठवत नाहीत. याच अध्यायात गर्भिणी, मधुमेही आणि रोजचे मद्य पिणारे यांना घाम काढू नये, असेही लिहिले आहे. शहरातल्या स्टीमबाथच्या पाटीवर मी ते अजून वाचलेले नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार असेल, तर विस्तव बाहेर फुलवा, खिडकी उघडी ठेवा आणि बाळाला त्या खोलीत ठेवू नका, एवढे चौकटीत छापावे. गावची आरोग्य कार्यकर्ती असलेल्या आशाताई हेच सांगतात, पण आमच्याकडे सासवा पेपरातले जास्त मानतात.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ