मळ्यातल्या दगडी घरांबद्दलही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात जुन्या नाशिकच्या वाड्यांबद्दल अधूनमधून छान येतं, सरकारवाडा, तांबट आळी, भद्रकालीतले लाकडी खांब, मी ते सगळं कापून ठेवतो. पण एक गोष्ट कायम मनात येते की वाडा सोडून आपल्या जिल्ह्यात जुनं घर नव्हतंच का? शेतात, वस्तीवर जी साध्या शेतकऱ्याची दगडी घरं होती, वर गवताचं छप्पर असलेली, त्यांच्याबद्दल मी तरी कधी काही छापलेलं वाचलं नाही. आता फार्महाऊस म्हटलं की लोकांना स्विमिंग पूल आठवतो, म्हणून मुद्दाम लिहितोय.

माझ्या मामाचं घर इगतपुरी तालुक्यात, वैतरणेच्या बाजूला. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सिन्नर येवल्याकडे गेलात तर घरांना धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत, कारण तिकडे पाऊसच कमी. म्हणजे एकाच जिल्ह्यात पाऊस बदलला की घराचं डोकं बदलतं. मामाच्या घराच्या भिंती दोन हात जाड, काळ्या दगडाच्या, ज्या दगडात पांडवलेणी कोरलीत तोच हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण हे दगड खाणीतून विकत आणलेले नाहीत, भातखाचरं करताना जमिनीतून जे धोंडे निघाले तेच रचलेत. हा दगड घडवायला फार कठीण, मजुरी परवडायची नाही, म्हणून घडीव दगड फक्त चार कोपऱ्यांना आणि दाराच्या चौकटीशेजारी, बाकी सगळे जसे आले तसे. बाहेरून एक रांग, आतून एक रांग, मधे चिपा आणि मातीची भर, आणि दर थोड्या अंतरावर एक लांब दगड आरपार घातलेला, दोन्ही रांगा धरून ठेवायला. चुना कुठेच नाही, नुसती माती.

लहानपणी मला वाटायचं दार इतकं बुटकं का केलं असेल, दरवेळी डोकं आपटायचं. आजी म्हणायची वाकून आलं की घराला नमस्कार होतो. तेही खरं असेल, पण खरं कारण मला फार उशिरा समजलं. गवताचं छप्पर उभ्या उताराचं लागतं नाहीतर पाणी आत मुरतं, आणि तो उतार भिंतीच्या बराच पुढे, पार कमरेएवढा खाली आणलेला असायचा, म्हणून दारात वाकावंच लागायचं. म्हणजे वळचणीचं पाणी भिंतीपासून लांब पडायचं. पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात वेगळी गवताची तट्टी बांधायचे. मातीत रचलेली भिंत कोरडी राहिली तर शंभर वर्ष उभी राहते, भिजली की गेली. तिला वाचवत होतं ते गवत.

शाकारणी, म्हणजे गवताने छप्पर नव्याने घालणं, मे महिन्यात व्हायची. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या वरच्या आडव्या लाकडापासून, खाली वासे, त्यावर बांबू, खाली सागाची पानं, वर गवताच्या पेंढ्या, खालून वर थराथराने, वाखाच्या दोराने आवळलेल्या. चुलीचा धूर त्यातूनच निघायचा आणि गवताला कीड लागायची नाही. पण मी हे गोड गोड सांगत नाही, गवताला आगीची भीती असायची, दरवर्षी गवत कापा, आणा, अर्धी वस्ती कामाला लावा, मामी या कामाने थकून जायची. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने कौलांचा कारखाना काढला आणि त्याच वर्षी थळ घाटातून रेल्वे सुरू झाली, पुढे ज्यांना परवडलं त्यांनी कौलं घातली. मामाकडे मात्र गवत राहिलं ते थेट पत्रे आले तोपर्यंत. पत्रे आले त्या दिवशी मामी खूश होती, तिला मी दोष देणारच नाही.

चूक झाली ती नंतर. पत्रे भिंतीच्या जेमतेम वीतभर पुढे ठेवले आणि एका ठेकेदाराच्या सांगण्यावरून बाहेरून सिमेंटचं प्लॅस्टर केलं, ओल येऊ नये म्हणून. पण ओल जमिनीतूनही चढते, वरूनही मुरते, पूर्वी ती दगडांच्या फटीतून सुकायची, आता आतच कोंडली. तीन पावसाळ्यात प्लॅस्टर फुगलं, आतली माती चिखल होऊन बसली, आणि गेल्या श्रावणात गोठ्याकडचा कोपरा आला खाली. गुरं बाहेर होती म्हणून वाचली. आता मामेभाऊ सगळंच पाडायचं म्हणतोय. जनगणनेत गवताचं छप्पर कच्च्यात धरतात, त्यामुळे असं घर आपल्याकडे आहे हे सांगायलाच लोकांना कमीपणा वाटतो, मग कोण जपणार?

पाडू नका असं मी त्याला सांगू शकत नाही, राहायचं त्याला आहे. पण पाडायच्या आधी मी टेप घेऊन दोन रविवार जाऊन आलो, भिंतींची जाडी, दाराची उंची, आढ्याची उंची वहीत लिहिली, फोटो काढले, आणि शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, शाकारणीची बांधणी कशी घालतात ते दोर हातात घेऊन दाखवत होते त्याचा व्हिडिओ केला. त्या वस्तीत आता ते एकटेच उरलेत ज्यांना ही गाठ येते.

आपल्याला विनंती आहे की वाड्यांसारखंच एक सदर या घरांसाठी सुरू करा. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या वाचकांना फोटो आणि मापं पाठवायला सांगा. नाशकात आर्किटेक्चर शिकणारी इतकी मुलं आहेत, त्यांच्या सरांनी एका वर्षाचं प्रोजेक्ट या घरांच्या नकाशांचं दिलं तर किती काम होईल. आणि ज्यांचं घर अजून उभं आहे त्यांच्यासाठी एवढं तरी छापा की पत्रा घातलात तर दोन-अडीच फूट पुढे काढा आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतीवर सिमेंट चढवू नका. माझी वही आणि व्हिडिओ मी कार्यालयात आणून देतो, भाऊ दिवाळीनंतर काम काढणार आहे, त्याआधी कुणाला घर बघायचं असेल तर मी घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक