तारखेच्या चिठ्ठीसाठी, काका

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गुरुवारी माझ्या पुस्तकाच्या करारावर सही केली. सही करताना हात थरथरला नाही, हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं, पण वाचनालयाला सुट्टी होती. म्हणून लिहितेय. चारचौघांत लिहितेय, कारण आपल्या मराठवाड्यात लिहिलेलं ट्रंकेत ठेवून बसलेली माणसं कमी नाहीत, अन् त्यांच्या गावात तुमच्यासारखा ग्रंथपाल असेलच असं नाही.

धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी २२ वर्षं शिकवलं. दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापाच्या मागं ऊसतोडीला साखर कारखान्यावर जायचा. पुढं हंगामी वसतिगृहं आली, तेव्हा काही पोरं गावात राहायला लागली. त्या पोरांवर मी २३४ पानं हातानं लिहिली. चार वर्षांपूर्वी ते बाड मोठ्या शहरातल्या एका प्रकाशकाकडं दिलं. दीड वर्ष ना होय ना नाही. मग फोन आला: ६० हजार भरा, ३०० प्रती घरपोच मिळतील, आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३ हजार वेगळे. हा नंबर आपल्या देशात राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो, हे तुमच्याकडून कळेपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. मी नाही म्हटलं. बाड परत मिळवायला तीन चकरा झाल्या. हातात आलं तेव्हा मी बांधलेली सुतळीची गाठ जशीच्या तशी होती. दीड वर्षात कुणी ती सोडलीसुद्धा नव्हती. पैशाचा राग केव्हाच गेला, त्या गाठीचा अजून जात नाही.

म्हणूनच यंदा परभणीकडच्या तरुण जोडप्यानं विचारलं तेव्हा पोटात गोळा आला. प्रकाशन नवं, पुस्तकं निघालेली तीनच. आमच्या गावातल्या लिहित्या मंडळींनी एका वाक्यात निकाल लावला: "उद्या गाशा गुंडाळला तर पुस्तक जाईल पाण्यात." कराराचा कागद मात्र एकानंही हातात घेऊन पाहिला नाही.

मी तो घेऊन तुमच्याकडं आले. तुम्ही म्हणालात, "कागद राहू द्या बाई, आधी बाड द्या." मग टेबलाचा खण ओढलात, पुस्तकामागं लावतात ती तारखेची चिठ्ठी काढलीत, डब्यातली खळ बोटानं लावलीत आणि माझ्या बाडाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चिकटवलीत. शिक्क्यावरची तारीख फिरवून ठप्पा मारलात. "पंधरा दिवसांत परत करतो. नाही केलं तर दंड घ्या माझ्याकडून." काका, माझं लिहिणं पुस्तक आहे असं त्या क्षणी पहिल्यांदा कुणीतरी धरलं. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले. तुम्हाला दिसू नये म्हणून चपलेचा अंगठा नीट करत होते.

अकराव्या दिवशी बाड परत आलं. सुतळीला गाठ तुमची होती. आत सतरा ठिकाणी कागदाच्या पट्ट्या, आणि मुकादमाकडून उचल घेतानाच्या प्रसंगापाशी पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं: "इथं थांबावं लागलं."

कागद तुम्ही त्यानंतर वाचलात. मसुद्यात हक्क "कायमस्वरूपी" दिल्याचं लिहिलं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १९ आहे, करारात मुदतच लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, हे तुम्ही दाखवलंत. आणि कायमस्वरूपी म्हणजे माझ्या माघारी ६० वर्षं, हेही. तुम्ही म्हणालात, "नवी माणसं आहेत, फसवायचं म्हणून लिहिलं नसेल. कुणाचा तरी जुना नमुना उतरवला असेल. विचारून बघा." ते खरं निघालं. ती मुलगी म्हणाली, "बरं झालं विचारलंत, आम्हालाही हे कुणी सांगितलं नव्हतं." आणि तिथल्या तिथं स्वतःच्या हातानं मुदत ५ वर्षं केली, वर्षात छापलं नाही तर हक्क माझ्याकडं परत, छापील किमतीवर १० टक्के, ई-बुक आणि ऑडिओ माझ्याकडंच. धोका सरला असं मी म्हणत नाही. त्यांची पुस्तकं ठेवणारी दुकानं थोडी आहेत, टपालानं आणि संमेलनातल्या गाळ्यावर जे खपेल ते खपेल. तुम्ही ते झाकलं नाहीत. ते कळून मी सही केली.

हे लिहिताना माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप डोळ्यांपुढून हलत नाहीत. कोयत्यामागं उचल घेताना मुकादमाच्या कागदावर अंगठा उठवायचे, आणि त्यात काय लिहिलंय हे शेजारी बसून वाचून दाखवणारं कुणी नसायचं. कागद वाचता येणारी माणसं गावात होती की, काका. मीही होते. बसायला हवं होतं. तुम्ही माझ्याशेजारी बसलात, पंख्यानं उडणारी पानं तळहातानं दाबून धरलीत, आणि बदल्यात चहासुद्धा घेतला नाहीत. भलेपणा म्हणतात तो मला आता असा दिसतो: कागदावर ठेवलेला तुमचा तळहात.

भिंगातून एकेक ओळ वाचत होता, रात्री वाचनालय बंद झाल्यावरही, हे तुमच्या शिपाईदादांनी मला परवा सांगितलं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

पहिल्या दोन फर्म्यांची, म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांची, प्रुफं आली आहेत. ती मी तुम्हाला आणून देणार नाही, घरी येऊन वाचून दाखवीन. आणि मोतीबिंदूची तारीख अजून घेतली नसेल तर अंबाजोगाईला मी बरोबर येते. सोमवारी सकाळच्या एसटीनं निघू.

तुमची,
बाई