खानदेशातल्या कैदी आया आणि जामिनाचे कागद

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

आईबरोबर तुरुंगात गेलेलं मूल कितव्या वर्षापर्यंत तिथे ठेवायचं, यावर जगभर खल होतो. इंग्लंडमध्ये दीड वर्ष, दक्षिण आफ्रिकेत दोन, आपल्याकडे सहा. नॉर्वेत मूल आत नेताच येत नाही. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये मुळालाच हात घातला: खटला चालू असताना आईला आत ठेवायचंच कशाला? हिंसाचाराचे गुन्हे वगळून गरोदर स्त्रिया आणि 12 वर्षांखालील मुलांच्या आया यांना घरीच स्थानबद्ध ठेवण्याचा आदेश झाला.

आपल्याकडे घोडं अडतं ते जामीन मंजूर झाल्यानंतर. जामीनदार हवा, त्याचा सातबारा हवा, तहसीलचा ऐपतीचा दाखला हवा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे जमीन सासऱ्याच्या नावावर, नाहीतर वनहक्कात मिळालेला वनपट्टा. तो विकता येत नाही, मग ऐपतीत कोण धरणार? त्यात दिवाळी झाली की नातलग ऊसतोडीला गुजरातेत. आदेश हातात, बाई आतच, आणि तिचं अंगावर पिणारं पोरही.

नियम आहेत हो. सर्वोच्च न्यायालयाच्या 31 जानेवारी 2023 च्या निर्देशांनुसार जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहात पोचला पाहिजे. 7 दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात हमी भरली गेली नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. केंद्राच्या गरीब कैदी साहाय्य योजनेत कच्च्या, म्हणजे खटला चालू असलेल्या, कैद्याच्या जामिनासाठी रक्कम मिळते. मात्र ती रोख भरण्यासाठी. आदेशात जामीनदारच मागितला असेल तर पैसे असून उपयोग नाही. म्हणून आधी विधी साहाय्याच्या वकिलाने 'जामीनदाराऐवजी रोख' असा अर्ज द्यायचा, मग या योजनेच्या जिल्हा समितीकडे प्रस्ताव पाठवायचा. क्रम चुकला की प्रस्ताव नुसता फिरतो.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कारागृह अधीक्षकांना एवढंच लेखी कळवा. दाखल होतानाच बाईची सगळी मुलं नोंदवावीत, आतली आणि बाहेरचीही, बाहेरची कुणाकडे आहेत त्यासह. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांची वेगळी यादी करावी, तिच्यात जामिनाच्या आदेशाची तारीख असावी आणि आदेशानंतर सातव्या दिवशी ती प्राधिकरणाच्या सचिवांकडे जावी.

परिपत्रक दिवाळीआधी निघावं. नंतर जामीनदार व्हायला गावात माणूस सापडत नाही.

आपले,
कारागृहांत विधी साहाय्याचं काम करणारे खानदेशातील कार्यकर्ते