उतरताना होणारे अपघात आणि एकट्या वैमानिकावरचा ठपका

मा. संपादक,
स. न.

लहान विमान उतरताना कोसळल्याची बातमी आली की ‘वैमानिकाची चूक’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ग्वाल्हेरकरांनी तरी एवढ्यावर थांबू नये.

6 मे 2021 रोजी रात्री कोविडवरचे रेमडेसिविर औषध घेऊन आलेले मध्य प्रदेश सरकारचे विमान महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावर उतरताना अरेस्टर बॅरिअरवर आदळले. धावपट्टीच्या पुढे जाऊ लागलेल्या लढाऊ विमानाला अडवण्यासाठी हवाई दलाच्या तळांवर हे जाळे असते. त्या रात्री ते उभे होते आणि नियंत्रण कक्षाने आपल्याला तसे कळवले नव्हते, असे वैमानिकाचे म्हणणे होते. सुदैवाने विमानातील तिघेही वाचले. पुढे 2022 मध्ये सरकारने त्याच वैमानिकाला सुमारे 85 कोटी रुपयांच्या वसुलीची नोटीस दिली. विमानाचा विमा नसताना ते उडवू कसे दिले, असा उलट प्रश्न त्याने केला. विमा उतरवणे हेही बहुधा कॉकपिटमधलेच काम असावे!

विमान अपघातांच्या चौकशीचे नियम स्पष्ट सांगतात की, चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नाही. यामागे व्यावहारिक कारण आहे. उतरताना वेग आणि उंची दोन्ही कमी असल्याने चूक सावरायला मोजके क्षण मिळतात. त्या क्षणांत काय दिसले, काय ऐकू आले आणि पुन्हा वर उठून फेरी मारण्याचा निर्णय का घेतला नाही, हे बऱ्याचदा वैमानिकच सांगू शकतो. कोट्यवधींच्या वसुलीची टांगती तलवार असताना तो मोकळेपणाने बोलेल कसा?

जानेवारी 2020 मध्ये सागरजवळच्या ढाना येथे आणि जानेवारी 2023 मध्ये रीवा येथे शिकाऊ विमाने रात्री, धुक्याच्या दिवसांत कोसळली. रीवा येथे विमान मंदिराच्या घुमटाला धडकले. दोन्हीकडे जीव गेले. अशा रात्री दृश्यमानता कोण मोजतो, आणि ती अपुरी असल्यास उड्डाण थांबवण्याचा अधिकार प्रशिक्षण संस्थेबाहेरच्या कोणाकडे असतो का, हे राज्य सरकारने हवाईपट्टीगणिक जाहीर करावे. येत्या हिवाळ्यापूर्वी ते झाले नाही, तर रात्रीच्या प्रशिक्षणाची परवानगी थांबवावी.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर